फोटो न दिसल्यास वाचायचा मजकूर

मी काय काम करते हे सांगितलं की आमच्या जबलपुरातले नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. एक, "मतलब कॉम्प्युटर दुरुस्त करतेस?" आणि दुसरा, "आमचा प्रिंटर जरा बघशील काय?" पंचवीस वर्षं मी अधारतालच्या मेन रोडवर, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसून लोकांच्या वेबसाइटी बनवते आहे. प्रिंटर मला आजही दुरुस्त करता येत नाही.

या पंचवीस वर्षांतला निम्मा वेळ फोटो लावण्यात गेला. लोकांना वाटतं, वेबसाइटवर फोटो चिकटवलेला असतो, फॉर्मवर डिंकाने चिकटवतात तसा. प्रत्यक्षात पानावर फोटो नसतोच. एक ओळ लिहिलेली असते: अमुक नावाचा फोटो अमुक जागी ठेवला आहे, तो आणा आणि इथे एवढ्या रुंदीचा, एवढ्या उंचीचा दाखवा. तुम्ही पान उघडलं की तुमचा मोबाइल त्या पत्त्यावर जातो आणि फोटो घेऊन येतो. पत्त्यात एक अक्षर चुकलं, की तो हात हलवत परत येतो आणि फोटोच्या जागी फाटक्या कागदाचं एक लहानसं चित्र दाखवतो.

पत्ता स्वतःच्याच घरचा असावा, हे मी गिऱ्हाइकांना सांगून थकले. नर्मदेच्या ग्वारीघाटावर पूजेचं सामान विकणारे एक भैया होते. त्यांनी माझं न ऐकता स्वतःच पानावर फोटो लावले. म्हणजे दूरच्या कुठल्याशा शहरातल्या मोठ्या दुकानाच्या फोटोंचे पत्ते लिहून टाकले. भैयांचं पान उघडलं की फोटो त्या दुकानातून यायचे. त्या दुकानदाराच्या हे लक्षात आलं. त्याने तक्रार केली नाही, भांडला नाही. फक्त आपल्याकडचा दिव्याचा फोटो बदलून त्याच नावाने चपलेचा फोटो ठेवला. दोन दिवस भैयांच्या पानावर चपलेखाली "अखंड दिवा, शुद्ध पितळ" असं लिहिलेलं होतं. मी धावत फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, "दीदी, रहने दो, दो लोगों ने चप्पल का रेट पूछा है."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी आहे. ती फोटोच्या त्याच ओळीतल्या एका रिकाम्या जागेची आहे. फोटोचा पत्ता लिहिला की शेजारी आणखी एक मजकूर लिहायची सोय असते: फोटो काही कारणाने दिसला नाही तर त्याऐवजी काय वाचावं. फोटो नीट दिसत असेल तर हा मजकूर कोणाला दिसत नाही. त्यामुळे तो कोणी लिहीत नाही. मीही लिहीत नव्हते. वीसेक वर्षं मी ती जागा रिकामी ठेवली आणि एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. मग रामटेके काकांचा फोन आला.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेत नोकरीला म्हणून जबलपूरला आले आणि चेरीतालला राहिले. चाळिशीत काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. ऑफिसने त्यांना टेलिफोन एक्स्चेंजवर बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी तिथे काम केलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी फोनवर फक्त एक खणखणीत आवाज होता.

"मंडळाची साइट तूच बनवली काय गं बाई?"

आमच्या भागातल्या मराठी मंडळाची जुनी साइट मी बनवली होती. मी अभिमानाने हो म्हटलं.

"मग मले सांग, त्यावर तू शंभर फोटो लावले, आणि मले शंभर आकडे काहून ऐकू येऊन राहिले?"

काका मोबाइलमधल्या वाचून दाखवणाऱ्या सोयीवर साइट ऐकायचे. ती सोय फोटोपाशी आली की तोच लपलेला मजकूर वाचते. मजकूर नसला तर बिचारी काय करणार? फाइलचं नाव वाचते. आय, एम, जी, चार, शून्य, सात, दोन. काकांनी असे शंभर फोटो शेवटपर्यंत ऐकले होते.

"काका, पुढच्या वेळी नक्की लिहीन," मी म्हटलं.

"पुढची वेळ आली आहे," ते म्हणाले. "सुवर्णमहोत्सव आहे ना. मी मंडळाचा आजीव सदस्य आहे. उद्या येतो तुझ्याकडे."

आणि ते आले. पांढरी काठी, इस्त्रीचा शर्ट, खिशात स्वतःचे इअरफोन. जिना किती पायऱ्यांचा आहे ते मला त्यांनी सांगितलं. मी कधी मोजल्या नव्हत्या.

सुवर्णमहोत्सवासाठी मंडळाच्या कपाटातून चार जुने अल्बम माझ्याकडे आले होते. ते स्कॅन करून नव्या साइटवर लावायचे होते. फोटोंच्या मागे पेनाने नावं लिहिलेली होती, पण ती खुर्च्यांवर बसलेल्यांची. मागे उभे असलेले सगळे "व इतर". मी त्यांतून घाईघाईने मजकूर लिहून काकांना ऐकवला.

"मंडळाचा कार्यक्रम," कॉम्प्युटर त्यांच्या कानात म्हणाला. पुढचा फोटो: "मंडळाचा कार्यक्रम." पुढचा: "मंडळाचा कार्यक्रम, दुसरा दिवस."

काकांनी इअरफोन काढले. "बाई, तू मले फोटो दाखवून राहिली का पत्रिका वाचून राहिली? तुले जे दिसून राहिलं ते लिही ना. किती माणसं आहेत? कुठं बघतात? हातात काय आहे? तुले डोळे आहेत म्हणून तर तुले विचारून राहिलो."

मला राग आला. पण ते तिथेच बसून राहिले, म्हणून मी पहिला फोटो मोठा करून पाहिला. इतकी वर्षं मी फोटोंची लांबी-रुंदी पाहिली होती, फाइलचं वजन पाहिलं होतं, पान उघडायला किती वेळ लागेल ते पाहिलं होतं. फोटोत काय आहे हे पाहायची वेळ फारशी आली नव्हती. मी लिहिलं: "अध्यक्ष भाषण करत आहेत. मागच्या रांगेत तिघे झोपले आहेत."

काका खदखदून हसले. "आत्ता कसं! हे दिसलं मले."

मग मला चटकच लागली. "संक्रांतीचं हळदीकुंकू. सात बायका हसत आहेत, आठवी वाटीतले तिळगूळ मोजते आहे." "नाटक. राजाच्या पायात रबरी चप्पल आहे." "सहभोजन. खजिनदार डोळे मिटून श्रीखंड खात आहेत." काका तीनदा आले आणि प्रत्येक ओळ ऐकून पास-नापास करत गेले. खोटं त्यांना लगेच कळायचं. कुठे मी "उत्साहात" असं लिहिलं की विचारायचे, "उत्साह कुठं दिसला तुले? फोटोत दाखव."

शेवटच्या दिवशी एका फोटोपाशी ते थांबले. बासष्ट नंबरचा. मधोमध कार्यकारिणी खुर्च्यांवर बसलेली, आणि अगदी उजव्या कडेला, फोटोत यायचं नसताना आल्यासारखी, एक बाई. मी लिहिलं होतं: "उजव्या कडेला हिरव्या साडीतली बाई. हातात स्टीलचा जग. कॅमेऱ्याकडे रागाने बघते आहे."

काकांनी ते दोनदा ऐकलं. "घड्याळ आहे काय हातात?"

मी फोटो मोठा केला. "आहे. डाव्या."

"तबकडी वर आहे का मनगटाच्या आतल्या बाजूला?"

"आत."

"तेही लिही," ते म्हणाले. मी लिहिलं, आणि मनात म्हटलं, म्हातारा फारच काटेकोर आहे बाई. त्यानंतर त्यांनी उरलेले फोटो ऐकले नाहीत. उशीर झाला म्हणाले आणि ऑटो बोलवायला सांगितलं.

मंडळाचे अध्यक्ष देवघरे साहेब हे केंद्र सरकारच्या कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचा एकच आग्रह होता: उद्घाटनाच्या आधी साइट इंटरनेटवर दिसता कामा नये. "माधुरीजी, आधीच दिसली तर उद्घाटन कशाचं?" मी म्हटलं, साहेब, एकदा वर चढवून तपासावी लागते. ते म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरवर चालते ना? फिर?"

माझ्या कॉम्प्युटरवर चालत होती. म्हणून उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे हॉलमध्ये दिवा लावत असताना मी मागच्या टेबलावर बसून साइट वर चढवली. पाहुण्यांनी बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर मंडळाचं नाव आलं, टाळ्या झाल्या, आणि देवघरे साहेब म्हणाले, "आता आपण पन्नास वर्षांचा इतिहास डोळ्यांनी पाहूया."

इतिहास आला नाही. एकही फोटो आला नाही. चूक पूर्णपणे माझी होती आणि एका अक्षराची होती. फोटो ज्या फोल्डरमध्ये होते त्याच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर मी मोठं लिहिलं होतं, आणि पानावरच्या पत्त्यात लहान. माझा कॉम्प्युटर असल्या गोष्टी मनावर घेत नाही. इंटरनेटवरचे कॉम्प्युटर घेतात. त्यांच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते, आणि दुसऱ्या पत्त्यावर कोणी राहत नव्हतं.

तेव्हा पडद्यावर प्रत्येक फोटोच्या चौकटीत त्याच्याऐवजी वाचायचा मजकूर उमटला. सगळा हॉल तो वाचू लागला.

"अध्यक्ष भाषण करत आहेत. मागच्या रांगेत तिघे झोपले आहेत."

आधी एक जण हसला. मग सगळी रांग. पान खाली सरकवणारा माणूस घाबरून आणखी सरकवत गेला, तसतसा मजकूर वर येत गेला आणि लोक मोठ्याने वाचायला लागले. "राजाच्या पायात रबरी चप्पल आहे!" एक आजी उठून उभ्या राहिल्या, "अगं, ती तिळगूळ मोजणारी मीच! कमी पडत होते म्हणून मोजत होती!" खजिनदारांच्या सूनबाई डोळे पुसून पुसून हसत होत्या.

काका तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारचे गृहस्थ त्यांना समजावून सांगायला वाकले, "काका, फोटो नाही आले, नुसतं लिहिलेलं आलं आहे..."

"मले पाठ आहे," काका म्हणाले, आणि पुढची ओळ पडद्यावर यायच्या आधीच बोलू लागले. त्या हॉलमध्ये त्या दहा मिनिटांत सगळ्यांना तेवढंच दिसत होतं जेवढं काकांना, आणि त्यांना सगळ्यांच्या आधी दिसत होतं.

मी फोल्डरचं नाव दुरुस्त केलं आणि पान पुन्हा उघडायला सांगितलं. फोटो आले. स्वच्छ, सरळ, एकाच मापाचे. हॉल शांत झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे पहलेवाला ही अच्छा था!"

देवघरे साहेबांना ते अच्छा वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, सरकारी होता. "माधुरीजी, संस्थेची काही गरिमा असते. तो मजकूर काढा. सभ्य भाषेत नवीन लिहा. मी पाठवतो."

मी बाणेदारपणे काही बोलले असेन अशी तुमची अपेक्षा असेल. मी "हो साहेब" म्हटलं. आठवडाभराने त्यांचा मजकूर आला, तेव्हा एका दुपारी बसून मी सगळ्या ओळी बदलल्या. "माननीय अध्यक्ष मार्गदर्शन करताना" ही ओळ एकतीस फोटोंना चालली. उरलेल्यांना "माननीय पदाधिकारी व इतर". कामात मला नेहमीप्रमाणे समाधानही वाटलं. सगळं कसं एकसारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन.

"मंडळाचे सगळे लोक एकदम जागे झाले वाटते."

मी ओशाळून हसले. "काका, साहेबांनी सांगितलं. माझा इलाज नव्हता."

"ते जाऊ दे. मोठ्या लोकांचं चालतच राहते. पण बासष्ट नंबरचा फोटो." ते थांबले. "शांता कुठं गेली?"

"कोण शांता, काका?"

"जगवाली," ते म्हणाले. "माझी बायको."

मग ते बोलत राहिले, हिशोब दिल्यासारखं. शांताकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. फोटो म्हटला की त्या उठून पाणी आणायला जायच्या, त्यामुळे घरात लग्नाचा एक फोटो सोडला तर काही नव्हतं, आणि तो काकांना काय कामाचा? मनगटाच्या आत तबकडी ठेवायची सवय त्यांना पोळ्या लाटताना काच फुटू नये म्हणून लागली होती. "सकाळी चहा घेतो तेव्हा तो एक फोटो ऐकत होतो," काका म्हणाले. "आज ऐकला तर म्हणते, माननीय पदाधिकारी व इतर."

त्याच दिवशी मी देवघरे साहेबांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणता फोटो? दाखवा बरं." मी मोबाइलवर साइट उघडून पुढे केली. त्यांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं.

"माधुरीजी, यात तर कोणी बाईच नाही."

मी पाहिलं. खरंच नव्हती. हाही प्रताप माझाच होता. मोबाइलचा पडदा अरुंद असतो, आडवा फोटो त्यात लहान होतो, चेहरे दिसत नाहीत अशी तक्रार येते. म्हणून पानाला एक सूचना देऊन ठेवता येते: मधला भाग मोठा करून दाखवा, कडा कापा. फोटो कापला जात नाही, फक्त दाखवताना कडा झाकल्या जातात. ही सूचना मी डोळे मिटून प्रत्येक साइटला देते. आमच्या मंडळातले बहुतेक सगळे लोक साइट मोबाइलवरच बघतात. म्हणजे शांताकाकू डोळस लोकांना दिसतच नव्हत्या. ज्या एका माणसाला दिसत होत्या, त्याच्यापासून मी त्या आदल्या दिवशी काढून घेतल्या होत्या.

हे मी साहेबांना सांगितलं. ते उठले, आतून स्वतःचा लॅपटॉप आणला, फोटो पूर्ण उघडला. उजव्या कडेकडे बघत म्हणाले, "या शांताबाई होय. हळदीकुंकवाला, सहभोजनाला, सगळ्यांना पाणी यांच्याच हातचं. मी तर... काका कधी बोलले नाहीत." मग लॅपटॉप मिटून, "जुना मजकूर परत लावा. सगळा लावा."

मी उठले, तसं त्यांनी हळूच थांबवलं.

"सिर्फ एक बात. ते तिघे झोपलेत ना... दोघे लिहा. तिसरा माझा मेहुणा आहे. घरात भांडण चालू आहे."

मी पंचवीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळते आहे. मी लिहिलं: "मागच्या रांगेत दोघे झोपले आहेत, तिसरे विचारात आहेत." रात्र व्हायच्या आत काकांचा निरोप आला, "तिसऱ्याला कोणी उठवलं?" बाकी सगळं जसंच्या तसं परत गेलं. मोबाइलवर कडा कापायची सूचना मी काढून टाकली. आता फोटोंच्या वर-खाली रिकाम्या पट्ट्या दिसतात. साहेब त्याबद्दल अधूनमधून तक्रार करतात, आणि मी नोंद घेतल्याचं सांगते.

हल्ली हा मजकूर मशीनच लिहून देतं. फोटो टाकला की एका क्षणात. नवीन गिऱ्हाइकं मला तेच सांगतात, दीदी, ते तर आपोआप होतं ना. मी बासष्ट नंबरचा फोटो एकदा मशीनला दाखवून पाहिला. त्याने लिहिलं, "भिंतीसमोर बसलेला लोकांचा समूह." चूक काही नाही त्यात. मीही वीस वर्षं फोटोत त्याच्याहून वेगळं काय पाहिलं होतं?

मजकूर परत लावल्यावर मी चेरीतालला काकांच्या घरी गेले. माफी मागायची होती, पण त्यांनी मागू दिली नाही. चहा ठेवला, तोही स्वतः, आणि कपाची जागा मला बोटाने दाखवली.

"एक बदल कर," ते म्हणाले. "तू लिहिलं आहे, रागाने बघते आहे."

"हो काका. कपाळावर आठ्या आहेत."

"आठ्या असतील. पण राग नाही तो. तिले दूरचं दिसत नव्हतं. आणि कार्यक्रमात चष्मा घालायची नाही ती, बायका हसतात म्हणे. कॅमेरा दूर असेल. डोळे बारीक करून बघून राहिली असेल, की कोण आहे तिकडे."

मी मोबाइलवर तो फोटो उघडला आणि जितका मोठा होईल तितका मोठा केला. ज्या माणसाने तो फोटो कधी पाहिला नव्हता, तो मला तो कसा पाहायचा ते सांगत होता. डोळे बारीक केलेले होते. मान किंचित पुढे. राग कुठेच नव्हता. तो मी माझ्या मनाने लिहिला होता, आणि इतक्या वेळा तपासूनही तो दोघांच्या नजरेतून सुटला होता.

मी तिथेच बसून ओळ बदलली. "नाव लिहू?" मी विचारलं. ते फक्त मानेने हो म्हणाले.

मग त्यांनी स्वतःचा मोबाइल घेतला. त्यांचा वाचणारा आवाज मी पहिल्यांदाच इअरफोनशिवाय ऐकत होते. तो इतक्या वेगाने धावत होता की मला एक शब्द कळेना. काकांना सवय होती, एकसष्ट फोटो त्यांनी असेच बोटाने मागे टाकले. बासष्टवर आले तसे ते थांबले. दोन बोटांनी पडद्यावर काहीतरी फिरवलं, आणि आवाज एकदम हळू झाला, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला.

"उजव्या कडेला शांता रामटेके. हिरवी साडी. हातात स्टीलचा जग. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे बघत आहेत."

काकांनी मोबाइल टेबलावर ठेवला, कपबशी आपल्याकडे ओढली आणि म्हणाले, "आता बरोबर आहे. चहा घे, थंडा होऊन राहिला."